शेताखालचा मुरूम कोणाचा? कागदावर सही करण्याआधी एवढं वाचा

गेल्या महिन्यात पालकसभा संपल्यावर एक पालक मागे थांबले. डिंगोरे गावचे आहेत. दोन एकर जिरायत आणि डोंगराच्या अंगाला थोडी माळजमीन, एवढाच त्यांचा पसारा. मोबाईल पुढे करून म्हणाले, "मॅडम, जरा हे बघा आणि खरं-खोटं सांगा."

व्हिडिओ अमेरिकेचा होता. अवजड गाड्या शेतात उभ्या राहून जमीन हलवत होत्या आणि निवेदक सांगत होता की या तपासणीची परवानगी दिल्याबद्दल शेतकऱ्याला एकरामागे पैसे मिळतात. पुढे तेल निघालं तर पट्ट्याचे आणि रॉयल्टीचे वेगळे. त्याखालीच कोणीतरी दुसरा मेसेज जोडला होता: "सुप्रीम कोर्टाचा निकाल, जमिनीखालचं खनिज जमीनमालकाचं."

त्यांचा प्रश्न साधा होता. "आपल्या माळाखाली काही निघालं, तर आपल्यालाही असा पट्टा करता येईल का? एक जण मुरमासाठी माळ मागतोय. सही करू का?"

दोन प्रश्न वेगळे वाटतात, पण त्यांचं उत्तर एकाच कायद्यात आहे. आपल्या समाजातली बरीच कुटुंबं एक-दोन एकरवाली आहेत, म्हणून ते सगळ्यांसाठी लिहिते.

अमेरिकेतली गोष्ट इथे का चालत नाही

अमेरिकेत साधारणपणे जमिनीच्या मालकाकडेच खालच्या खनिजाचीही मालकी असते, आधीच्या कोणी ती वेगळी विकून टाकली नसेल तर. त्यामुळे तिथली तेल कंपनी थेट शेतकऱ्याशी करार करते. तपासणीचे पैसे, पट्ट्याचे पैसे आणि निघालेल्या मालावर रॉयल्टी, हे सगळं त्याला मिळतं.

आपल्याकडे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ आहे. तिचं कलम ४८ म्हणतं की खनिज कुठेही सापडो, जमिनीवर किंवा जमिनीखाली, शेतात, बांधात, नाल्यात, नदीपात्रात, त्यावरचा हक्क राज्य सरकारचा. 'सर्व खनिजे' असा शब्द आहे. त्यात मुरूम आला, दगड आला, वाळू आली. आपल्या भागात विहीर खोदताना कधी कधी चमकणाऱ्या गारगोट्या निघतात, त्याही आल्या.

म्हणजे सातबाऱ्यावर नाव आपलं, पीक आपलं, विहीर आपली. पण जमिनीच्या पोटातला माल विकायचा हक्क आपला नाही. म्हणूनच रॉयल्टी, ज्याला सरकारी भाषेत स्वामित्वधन म्हणतात, ती सरकारला जाते. २५ जुलै २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने सांगितलं की रॉयल्टी हा कर नाही. खनिजाचा हक्क वापरू दिल्याबद्दल पट्टेदाराने पट्टा देणाऱ्याला द्यायचा तो मोबदला आहे. आपल्या शेतात तो हक्क सरकारकडे आहे, म्हणून मोबदलाही सरकारकडे जातो.

मग तो सुप्रीम कोर्टाचा मेसेज?

मेसेज अगदी खोटा नाही, अर्धा आहे. ८ जुलै २०१३ रोजी सुप्रीम कोर्टाने केरळच्या मलबार भागातल्या जमीनमालकांच्या बाजूने निकाल दिला. जमिनीखालच्या खनिजाची मालकी सामान्यपणे जमिनीच्या मालकीबरोबर जाते, असं कोर्ट म्हणालं. पण त्याला एक अट जोडली: मालकाचा तो हक्क एखाद्या वैध कायदेशीर मार्गाने काढून घेतलेला नसेल तर. मलबारच्या त्या जुन्या जमिनींबाबत असा कायदा कोर्टाला दिसला नाही. आपल्याकडे कलम ४८ १९६६ पासून स्पष्ट शब्दांत बसलेलं आहे. मेसेज वाचून कोणी पोकलेन बोलावला, तर दंड कोर्ट नव्हे, आपण भरणार.

तरीही आपल्या हातात बरंच आहे

इथपर्यंत ऐकून ते पालक म्हणाले, "म्हणजे सगळं सरकारचं, आम्ही नुसते राखणदार!" तसं नाही. त्याच कलम ४८ चा पुढचा भाग फारसं कोणी वाचत नाही. तो आपल्या बाजूचा आहे.

पहिली गोष्ट, खनिज काढताना जमिनीचा पृष्ठभाग व्यापला गेला किंवा बिघडला, तर ज्याचा हक्क दुखावला त्याला भरपाई द्यावी लागते. ती जिल्हाधिकारी ठरवतात. पटली नाही तर दिवाणी न्यायालयात जाता येतं.

दुसरी गोष्ट सर्वांत कामाची. सरकारने ज्याला खनिजाचा हक्क दिला, त्याने भरपाई ठरवून देऊ केल्याशिवाय, जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीविना आपल्या जमिनीवर पाऊल ठेवता येत नाही. म्हणजे "आमच्याकडे परवाना आहे, बाजूला व्हा" एवढं बोलणं पुरेसं नाही. "परवाना दाखवा, भरपाईचं काय ठरलं ते दाखवा, नाहीतर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी दाखवा," असं म्हणायचा आपल्याला हक्क आहे.

तिसरी गोष्ट, त्याने भरपाई बुडवली तर जिल्हाधिकारी ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतात.

लोखंड, बॉक्साइट, मँगनीज अशा मोठ्या खनिजांना केंद्राचा १९५७ चा खाण आणि खनिज कायदा लागू होतो. त्यातही कलम २४अ नुसार परवानाधारकाने जमिनीच्या ताबेदाराला नुकसानभरपाई द्यायची आहे. नियमांत शेतजमिनीसाठी हिशोबाची रीतही आहे. तशाच जमिनीतून मागच्या तीन वर्षांत पिकापासून मिळालेलं सरासरी निव्वळ वार्षिक उत्पन्न धरायचं. म्हणून कांद्याच्या पट्ट्या, सोसायटीच्या पावत्या, पीकपाहणीच्या नोंदी जपून ठेवा. उत्पन्न सिद्ध करायला तेच उपयोगी पडतात.

जमीन हलवून बघणारे आले तर

आता व्हिडिओतल्या गाड्यांकडे येऊ. त्याला सिस्मिक सर्व्हे, म्हणजे भूकंपीय सर्वेक्षण म्हणतात. जमिनीत छोटं भोक घेऊन त्यात लहान स्फोट करतात, किंवा जड गाडीने जमिनीला कंप देतात. त्या लाटा खालच्या थरांवर आपटून परत येतात. ओळीने पेरलेली जिओफोन नावाची यंत्रं त्या टिपतात. किती वेळाने लाट परतली यावरून खाली कोणता थर किती खोल आहे याचा अंदाज बांधतात. विहिरीत हाक मारली की घुमून परत येते, त्यातलाच प्रकार.

महाराष्ट्रात हे नवीन नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर, १९७० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने गुहागर ते चोरोची आणि केळशी ते लोणी अशा दोन लांब रेषांवर असं खोल मापन केलं. पुढे कोयनेजवळ थेट छिद्रं घेतली तेव्हा तिथला काळा पाषाण सुमारे ९३० मीटर जाडीचा निघाला आणि त्याखाली ग्रॅनाइट जातीचा जुना खडक लागला. तेलासाठीही देशात असं काम झालं आहे. केंद्राने २०१६ साली राष्ट्रीय भूकंपीय कार्यक्रम सुरू केला. ओएनजीसी आणि ऑइल इंडिया यांच्यामार्फत ४८,२४३ किलोमीटर रेषेवर मापन करायचं त्यात ठरलं होतं. देशातल्या २६ गाळखोऱ्यांच्या यादीत आपलं दख्खनचं पठारही आहे. वरच्या काळ्या पाषाणात लाटा विखुरतात, त्यामुळे इथे खालचं चित्र धूसर येतं.

आपल्या तालुक्यात यंत्रांची माणसं पाहायची सवय आहे. खोडदला दुर्बिणीचे मोठे अँटेना आहेत, बोरी बुद्रुकला कुकडीकाठी ज्वालामुखीची राख आणि प्राचीन दगडी हत्यारं बघायला अभ्यासक येतात. बोअरची जागा ठरवायला मीटर लावणारेही फिरतात. म्हणून यंत्र घेतलेला प्रत्येक माणूस सरकारी असं आपण धरून चालतो. तसं धरू नका. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा राज्याचं भूविज्ञान आणि खनिकर्म संचालनालय अशा सरकारी संस्थांना खनिजाच्या शोधासाठी वेगळा परवाना लागत नाही. खासगी माणसाला लागतो. स्फोटकं वापरायची तर स्फोटक कायद्याखालचा परवाना लागतो, आणि ते खातं नागपूरहून चालतं.

तेव्हा कोणी आलं तर चार गोष्टी करा. ओळखपत्र आणि जिल्हाधिकारी किंवा तहसील कार्यालयाचं पत्र बघा, फोटो काढून ठेवा. तलाठ्याला फोन करून खातरजमा करा. काम सुरू होण्याआधी उभं पीक, विहिरीचं बांधकाम, पाण्याची पातळी, घराच्या भिंती यांचे तारखेसह फोटो घ्या. पीक तुडवलं गेलं तर त्याच दिवशी पंचनामा मागा. नंतर सांगितलेलं नुकसान कोणी मोजत नाही.

आणि लक्षात असू द्या, सर्व्हेला हरकत घेतली नाही म्हणजे आपण खनिज विकलं असं होत नाही. पण सर्व्हेच्या नावाखाली कोऱ्या कागदावर सही मागितली, तर तो माणूस सर्व्हेसाठी आलेला नाही.

खरी वेळ येते ती मुरमाची

तेलाच्या गाड्या डिंगोऱ्याकडे येतील तेव्हा येतील. मुरमाचे डंपर मात्र कल्याण-नगर रस्त्यावर रोज दिसतात. लहान शेतकरी अडकतो तो तिथे. आमच्या घरातच घडलेलं सांगते.

माझ्या चाचांची उताराची माळजमीन होती. रस्त्याच्या कामाला मुरूम हवा म्हणून एक ठेकेदार आला. "चाचा, टेकाड काढून रान सपाट करून देतो, वर साठ हजार देतो." शंभराच्या स्टॅम्पवर चार ओळी लिहिल्या. किती गुंठे, किती फूट खोल, परवानगी कोण काढणार, यातलं काहीच नव्हतं. पंधरा दिवसांत मशीनने काम उरकलं. रान सपाट झालंच नाही, खड्डा झाला. काही महिन्यांनी नोटीस आली, चाचांच्या नावाने. ठेकेदाराचा फोन तेव्हापासून बंद.

त्या दिवशी मी वही घेऊन हिशोब मांडला. तुम्हीही मांडून बघा. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. म्हणजे एका गुंठ्यात एक फूट खोदलं की जवळजवळ ११ ब्रास माल निघतो. दहा गुंठ्यांत दहा फूट खोदलं तर १,०८९ ब्रास. १ जुलै २०२१ पासून राज्यात गौण खनिजाची रॉयल्टी ब्रासला ६०० रुपये झाली. त्या दराने नुसती रॉयल्टीच ६ लाख ५३ हजार ४०० रुपये. आणि विनापरवाना काढलेल्या खनिजावर कलम ४८(७) प्रमाणे दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. मशीन आणि गाड्या जप्त होतात त्या वेगळ्या.

साठ हजारांत चाचांनी काय विकलं, ते तेव्हा कळलं. मुळात जो माल त्यांचा नव्हताच तो विकला, आणि खड्डा पदरात घेतला.

कायदा म्हणतो की दंड बेकायदा खनिज काढणाऱ्याला. पण मोजणीला आलेल्या माणसाला खड्डा दिसतो आणि सातबाऱ्यावर नाव दिसतं. ठेकेदाराचं नाव कुठेच नसतं. म्हणून नोटीस आपल्या नावाने निघते. रक्कम भरली नाही तर ती महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढतो. चाचांचं तेच झालं. बोजा दिसल्यावर त्यांचं पीककर्ज अडलं. खड्ड्यात आजही पावसाळ्यात पाणी साचतं आणि त्याला काटेरी कुंपण घालावं लागलं, कारण शेजारची मुलं तिथे खेळायला जायची.

ज्यांना विचारलंच नाही

नोटीस आल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली. सातबाऱ्यावर चाचा एकटे नव्हते. दादांच्या मागे वारसनोंद झाली तेव्हा माझ्या दोन्ही फुप्फींची नावं लागली होती. पैसे चाचांनी घेतले, पण बोजा आला तो सगळ्यांच्या नावांसमोर. मोठ्या फुप्फी एवढंच म्हणाल्या, "हमको पूछा भी नहीं." त्यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

आपल्याकडे बहिणीचा हिस्सा धर्माने ठरवून दिलेला आहे हे सगळ्यांना पाठ असतं. व्यवहाराच्या वेळी मात्र घरातला मोठा पुरुष सही करतो आणि बहिणींना लग्नात भेटल्यावर कळतं. सामाईक क्षेत्रात एकाने दिलेली संमती दुसऱ्याचा हिस्सा बांधत नाही. पट्टा कायदेशीर करायचा असला तरी सर्व खातेदारांची संमती घ्या, मोबदला हिश्श्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या खात्यावर जाऊ द्या. बहीण मुंब्र्याला असो नाहीतर आखातात, तिची सही लागतेच.

मशीद, दर्गा, कब्रस्तान यांच्या इनाम जमिनींचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. अशा जमिनी गावाच्या कडेला, माळावर असतात आणि ठेकेदारांची नजर त्यांवर लवकर पडते. वक्फ मिळकतीचा भाडेपट्टा वक्फ बोर्डाच्या पूर्वमंजुरीशिवाय केला तर वक्फ कायदा १९९५ च्या कलम ५१ प्रमाणे तो रद्दबातल ठरतो. मुतवल्लीने एकट्याने, किंवा जमातच्या चार लोकांनी चहावर बसून ठरवलं, तर तो करार उभा राहत नाही. ती अमानत आहे. एकदा खोदलेला माळ परत भरून मिळत नाही.

सही करण्याआधी

आपल्या खडकाळ माळाचा कायदेशीर उपयोग होऊ शकतो, त्याला कोणाची ना नाही. परवाना घेऊन खाण चालते, जमीनमालकाला जागेचं भाडं मिळतं, सरकारला रॉयल्टी. राज्यात त्यासाठी २०१३ चे गौण खनिज नियम आहेत. पण कागद करताना हे बघा:

१. ताजा सातबारा आणि आठ-अ काढा. किती नावं आहेत, भोगवटादार वर्ग एक आहे की दोन, ते वाचा. वर्ग दोन असेल तर आधी तहसील कार्यालयात विचारा.

२. परवाना कोणाच्या नावाने निघणार ते स्पष्ट लिहून घ्या. शक्यतो ठेकेदाराच्या नावाने निघू द्या, म्हणजे जबाबदारी त्याच्यावर राहील. परवान्याची प्रत हातात येईपर्यंत मशीन शेतात येऊ देऊ नका.

३. गट नंबर, किती गुंठे, किती फूट खोल, किती ब्रास, किती महिने, हे आकड्यांत लिहा. चतुःसीमा लिहा. खोदण्याआधी मोजणी करून फोटो ठेवा.

४. पर्यावरण मंजुरी आहे का ते विचारा. २७ फेब्रुवारी २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पाच हेक्टरपेक्षा लहान खाणींनाही ती लागते.

५. खड्डा बुजवणं, वरची माती बाजूला ठेवून परत पसरणं, कुंपण, रस्त्याची दुरुस्ती हे ठेकेदाराचं काम आहे असं लिहा आणि त्यासाठी अनामत रक्कम घ्या.

६. मुदत एक वर्षाहून जास्त असेल तर भाडेपट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवावाच लागतो. शंभराच्या स्टॅम्पवरची नोटरी पुरत नाही.

७. प्रत्येक गाडीला वाहतूक पास असतो, तो महाखनिज या ऑनलाइन प्रणालीवर निघतो. रोज किती गाड्या गेल्या त्याची वही घरच्या मुलाला किंवा मुलीला ठेवायला सांगा. पुढे वाद झाला तर ती वही कामाला येते.

घरासाठी पाया खोदणाऱ्यांनी मात्र उगाच घाबरू नये. पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ३ डिसेंबर २०१४ रोजी सांगितलं की पाया खोदून निघालेली माती त्याच जागेवर बांधकामात वापरली, तर ती गौण खनिजाच्या व्याख्येत बसत नाही. विहीर किंवा शेततळं खोदताना निघालेला माल आपल्याच रानात पसरणं आणि डंपरने बाहेर विकणं यातही असाच फरक आहे. बाहेर न्यायचा असेल तर आधी तलाठ्याला विचारा.

नोटीस आलीच तर

घरात लपवून ठेवू नका. चाचांनी दोन महिने ती कपाटात ठेवली आणि तिथेच जास्त नुकसान झालं. मुदतीत लेखी उत्तर द्या, पोच घ्या. ठेकेदाराशी झालेला कागद, बँकेची नोंद, गाड्यांचे फोटो, साक्षीदार जोडा. खड्ड्याचं माप मान्य नसेल तर फेरमोजणी मागा. तहसीलदारांचा आदेश विरोधात गेला तर साठ दिवसांच्या आत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट नसते, त्यामुळे फुप्फी, आपा, अम्मी यांपैकी कोणाचंही नाव सातबाऱ्यावर असेल तर त्या स्वतः जाऊ शकतात. आमच्या लहान फुप्फीच गेल्या. आमचं अपील अजून चालू आहे.

त्या पालकांना मी एवढंच सांगितलं, की माळ मागणाऱ्याला आधी परवान्याची प्रत मागा. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. प्रत मागितल्यावर तो माणूस "बघतो, आणून देतो" म्हणून गेला, परत आलेला नाही.